कोरफडीच्या कुंडीतल्या मुंग्या

११ जानेवारी

मला अक्षर येत नाही, पण बोलणं येतं, आणि या घरात त्याची टंचाई कधी पडलेली नाही. गुडघा बदलून घरी आणल्यापासून मी खिडकीजवळच्या पलंगावर आहे. पाय उशीवर, वॉकर पलंगाला टेकलेला, जीभ मोकळी. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, "आजी, सारखी चुळबुळ करता. मन गुंतवा कशात तरी. डायरी लिहा." म्हटलं, लिहिते की. सून कशाला आहे?

तर अक्षर सुनेचं आणि शब्द माझे. ती दातांच्या डॉक्टरकडे बसते, ठणकणाऱ्या माणसांना वेळा देते. मुलगा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येतो, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. सुनेचा चहा झाला की अर्धा तास माझा. करार असा, की सांगेन ते सगळं लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, आणि वही मिटली की ऐकलेलं विसरायचं.

"आणि माझ्याबद्दल वाईट सांगितलंत तर?" तिने विचारलं.

म्हटलं, मग सुवाच्य लिही.

आजची बातमी. नात शर्यत अर्धवट सोडून आली. लहानपणी कपाटावर चढून बसायची म्हणून तिला खारू म्हणतो, आता विशीत आली तरी खारूच. बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. बाकीचे पळत असतानाच ही टॅक्सीने घरी. म्हणाली, पाय मुरगळला. कुठला विचारलं, तर जरा थांबून डावा म्हणाली. घाम निथळत होता तरी जॅकेट कंबरेला गच्च बांधलेलं. सरळ न्हाणीघरात गेली आणि बाहेर आली ती कपडे धुऊन, पिळून. या पोरीने जन्मात स्वतःचा रुमाल धुतलेला नाही. मी सुनेला म्हटलं, हरल्यावर माणूस शहाणं होतं ते असं.

संध्याकाळी लंगडत होती. उजव्या पायाने.

१३ जानेवारी

खारूचे मास्तर आले होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मी त्यांना शिट्टी म्हणते. तोंडावर नाही.

खुर्ची दिली तरी बसले नाहीत. या पळणाऱ्या लोकांना बसायला शिकवतच नाहीत वाटतं. म्हणाले, "तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अंगातली साखर संपते. मग पाय दगड होतात. हिचं तेच झालं. तेच ना गं?"

"हो सर," खारू म्हणाली आणि नखं खाऊ लागली. मी म्हणणार होते, पाय मुरगळला ना तुझा? पण मास्तरांपुढे पोरीला कशाला उघडं पाडा.

शिट्टींनी पिशवीतून एक खोकं काढलं. आत तळहातात मावतील अशी चपटी चकचकीत पाकिटं. त्याला जेल म्हणतात. पळता पळता दर अर्ध्यापाऊण तासाने एक पिळून तोंडात घ्यायचं, वर पाणी. चावायला नको, थांबायला नको. रविवारी लांब पळते तेव्हा सराव करायचा, आणि रिकामी पाकिटं त्यांना आणून दाखवायची. सगळ्याच मुलींना हा नियम आहे, कारण मुली जेल घ्यायचा कंटाळा करतात.

"पंधरा मार्चला पुढची शर्यत," ते म्हणाले. "तेव्हाही थांबलीस तर लांब पल्ल्यातून तुझं नाव काढतो. छोट्या शर्यती पळ."

खारूचा चेहरा पडला. ही पोर लांबच पळते. मी एकदा विचारलं होतं, काय मिळतं गं एवढं? तर म्हणाली, "आज्जी, पहिला तास डोकं बडबडतं. दुसऱ्या तासाला गप्प होतं. मला ते गप्प झालेलं आवडतं." माझं डोकं एवढ्या वर्षांत एकदाही गप्प झालेलं नाही, त्यामुळे मला काय कळणार.

मास्तर गेल्यावर एक पाकीट मी फोडायला लावलं आणि चाखलं. लेईत साखर कालवावी आणि लांबून लिंबू दाखवावं, तसं. ज्याने हे शोधलं त्याला घरी कोणी वेळेवर जेवायला वाढत नसणार. खारूला म्हटलं, घे. तिने त्या पाकिटाकडे असं पाहिलं, जसं मी इंजेक्शनकडे पाहते.

"नंतर," म्हणाली.

१९ जानेवारी

आता खरं सांगते, लिही. थांबू नकोस.

व्यायामवालीने सांगितलंय, सकाळ-संध्याकाळ दाराबाहेर लिफ्टपर्यंत चालायचं. परवा गेले. दोन पावलं टाकली आणि पाय लटपटला. समोरचं अख्खं कुटुंब धावत बाहेर आलं. एकाने काखेत धरलं, एकाने कंबरेत, कपाट हलवतात तसं मला आत आणलं. त्यांच्या सहा वर्षांच्या कार्टीनेही माझा पदर धरला होता. तेव्हापासून ते दार मला नको वाटतं.

म्हणून मी पलंगावर बसून वॉकर जमिनीवर आपटते. ठक. मग जरा थांबून, ठक. मधूनच "आई गं". खारू स्वयंपाकघरातून ओरडते, "शाब्बास आज्जी!" मी धापा टाकत "हो हो" म्हणते. धापा चांगल्या जमतात मला.

सून म्हणते, "आई, हे बरं नाही. गुडघा आखडेल."

लिही म्हटलं.

"लिहिते. पण फार दिवस गप्प बसणार नाही."

करार म्हणजे करार.

२५ जानेवारी

खारू सकाळी लांब पळायला गेली ती घरी आली तेव्हा पांढरीफटक. दाराच्या चौकटीला धरून उभी. ओठ थरथरत होते, हात गार. सुनेने साखरपाणी पाजलं, मग कुठे डोळ्यांत माणूस दिसलं. तरी पँटच्या खिशात तीन रिकामी पाकिटं होती. म्हणजे जेल तर घेतलंय. मग हे काय?

माझं मत सांगते. हे जेलच बाधतंय. पाकिटं रिकामी होतात तशी पोरगी रिकामी होत चालली आहे. गालफडं बसली. दिवसा झोपते, रात्रीची कूस बदलत राहते, उगाच सुनेवर खेकसते.

आणि सूनबाई, तुझ्याबद्दलही आहे. कात्री जागेवर नसते. रविवारी गॅलरीत सापडते, आणि पाती अशी चिकट की उघडताना कुरकुरतात. काय कापतेस? तिथेच कोरफडीच्या कुंडीत मुंग्यांची जत्रा भरली आहे. पलंगावरून मला सगळं दिसतं. कुंडीच्या कडेने वर, कडेने खाली, दोन्हीकडून वाहतूक. साखरेचा डबा घेऊन गॅलरीत बसतेस का काय?

सून म्हणते, तिने गॅलरीत पाऊल टाकलेलं नाही. बरं म्हटलं. मोठ्या माणसाने सोडून द्यावं.

३० जानेवारी

काल जेलचं खोकं लपवलं. खारू न्हाणीघरात होती तेवढ्यात वॉकरला लटकवलेल्या पिशवीत टाकलं आणि वर माझी शाल कोंबली. म्हटलं, बघू आता कशी खाते.

घरात शोधाशोध झाली. म्हणजे सुनेने केली. कपाटं, टेबलाखाली, गादीखाली, अगदी फ्रिजच्या मागे टॉर्च लावून. आणि जिचं खोकं ती खारू मजेत भिंतीला पाय लावून पडली होती.

"अगं, शोध की!" सून म्हणाली.

"असू दे गं आई. सापडेल तेव्हा सापडेल."

रात्री पहिल्यांदा ढाराढूर झोपली. मला वाटलं, बघा, आतून तिलाही ते नकोच होतं, माझ्यामुळे सुटली बिचारी. सकाळी मात्र दया आली. शिट्टींनी विचारलं तर काय सांगेल? खोकं गुपचूप परत ठेवलं. ते बघून पोरीचं तोंड एवढंसं झालं.

३ फेब्रुवारी

मुंग्यांचं काहीतरी करायला हवं. परवा रविवारी तर कोरफडीच्या मुळाशी माती चकचकत होती, कोणी वार्निश लावल्यासारखी. सोमवारी ते रविवारच्या मानाने कमी असतं. रविवारी पहाटे खारू बूट घालून बाहेर पडली की उजेड झाल्यावर नव्या मुंग्या. आणि आणखी एक. कचऱ्याच्या डब्यात जेलची पाकिटं दिसली. सगळ्यांची तोंडं कात्रीने सरळ कापलेली. मी म्हटलं, काय नीटनेटकी पोर आहे, पळता पळता सुद्धा कात्रीने

इथे सुनेचं पेन थांबलं. का थांबलीस, मी म्हटलं. उठून गॅलरीत गेली. कुंडीसमोर उकिडवी बसली. एक बोट मातीत घातलं, नाकाजवळ नेलं. परत येऊन पेन उचललं, पण पुढचं वाक्य मला तीनदा सांगावं लागलं. विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. सांगा पुढे."

पुढे काही नाही. चहा गार झाला तिचा.

४ फेब्रुवारी

घरात कुजबूज चालली आहे. सून आणि खारू, स्वयंपाकघरात, नळ सोडून. नळ कशाला सोडतात हे न कळायला मी काय आज जन्मले? मला शब्द ऐकू आले ते एवढेच: "किती दिवस असं फसवणार आहेस?" आणि मग "आज्जीला नको सांगू."

मला नको सांगू! म्हणजे विषय मीच. वॉकर. सुनेने करार मोडला. वहीतलं बाहेर नेलं. घरभेदी. हो, लिही, घरभेदी. सुवाच्य लिही.

ती म्हणते, "आई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

चोरी पकडली गेली की सगळे गैरसमजच असतात.

आता मी जोर वाढवला आहे. सकाळी ठकठक, दुपारी ठकठक, संध्याकाळी ठकठक. कुणाची हिंमत आहे मी चालत नाही म्हणायची?

६ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर एक गृहस्थ एकटे राहतात. इस्त्रीचा सदरा घालूनच जिना चढतात. आज बेल वाजवली. दार खारूने उघडलं. मी पलंगावर, दोन्ही हातांत वॉकर.

"तुमच्याकडे कोणी खलबत्त्यात काही कुटतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. माझी आज्जी चालते. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना."

"चालतात?" गृहस्थ विचारात पडले. "चालत असतील तर आवाज पुढे सरकायला हवा. हा एकाच जागी येतो. बरोबर माझ्या पंख्याच्या वर."

खारूने त्यांची माफी मागितली, दार लावलं आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सवयीने माझ्याकडून आणखी एक ठक झालं.

"आज्जी."

"काय?"

"कधीपासून?"

"गुडघ्याला विचार."

ती हसायला लागली. भिंतीला टेकून खाली बसली, पोट धरून हसली. मीही हसले. माझं हसणं संपलं तरी तिचं संपेना, आणि मग मला दिसलं की ते हसणं राहिलेलंच नाही.

"मला वाटलं या घरात खोटारडी मी एकटीच आहे," ती म्हणाली.

मग सांगितलं. पाय मुरगळलाच नव्हता. आधी कधी जेल घेतलं नव्हतं. शर्यतीत बरोबरच्या मुलीने दोन दिली. ही पाठोपाठ दोन्ही प्यायली, वर पाण्याचा घोट नाही, कारण पाण्याच्या टेबलाशी थांबलं तर वेळ जातो. थोड्या वेळाने पोटात मुरडा. पुढे रस्त्याच्या कडेला संडास दिसत होता. पोचली नाही.

"रस्त्यात, आज्जी. सगळ्यांसमोर. एक जण मोबाईल धरून उभा होता."

जॅकेट. धुतलेले कपडे. अरे देवा, आणि मी म्हटलं शहाणी झाली.

तेव्हापासून जेल तोंडाशी नेलं तरी पोटात गोळा येतो. पण पाकिटं रिकामी दाखवायची असतात. म्हणून निघायच्या आधी गॅलरीत जाऊन कात्रीने कापायची, कोरफडीला पाजायची, पाकिटं खिशात घालायची आणि उपाशी पोटी मैलोन्‌मैल पळायची. आता सांगा, मी रोज पलंगावरून बघतेय, मुंग्या मोजायच्या तेवढ्या बाकी राहिल्या, आणि कळलं नाही ते मला.

मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, इस्पितळात माझ्या पायाभोवती पाच शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन उभे होते. मोठे डॉक्टर म्हणाले, आजी, पाय वर उचला. मी उचलला, आणि पायाबरोबर जे काही सुटलं, त्यानंतर एक शिकाऊ खिडकी उघडायला गेला आणि परत आलाच नाही. बाकीचे चौघं वहीत लिहीत राहिले. काय लिहिलं असेल?

खारू पुन्हा हसली. या वेळी खरं.

"अगं, आपल्याला वाटतं जग आपल्या अब्रूकडे डोळे लावून बसलंय. त्या रस्त्यावर जेवढी माणसं होती ना, प्रत्येकाला आपापलं पोट होतं."

"मग तू बाहेर का चालत नाहीस?" ती म्हणाली. "समोरचे बघतात म्हणूनच ना?"

या घरात माझ्यापेक्षा तिखट जीभ नको, हे मी तिच्या जन्मापासून सांगत आले आहे.

सुनेला विचारलं, तुला हे आधीच कळलं होतं? म्हणाली, "वही मिटली की ऐकलेलं विसरायचं, असं ठरलं होतं. माझ्याच्याने नाही विसरवलं." मग मी विचारलं, तो घरभेदी शब्द खोडायचा का?

"राहू दे," म्हणाली. "सुवाच्य आलाय."

८ फेब्रुवारी

खारूने स्वतः जाऊन शिट्टींना सांगितलं. रात्रभर कूस बदलत होती, पण गेली. ते म्हणे शिट्टी तोंडात धरून उभे राहिले आणि वाजवायची विसरले. मग म्हणाले, पायांना सराव देतो तसा पोटालाही द्यावा लागतो, हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. नुसती पाकिटं बघत बसलो.

आता पाव पाकिटापासून सुरुवात. दोन घोट पाण्याबरोबर. सोसलं तर पुढच्या वेळी अर्धं. आणि शर्यतीच्या दिवशी नवं काही म्हणून खायचं नाही.

आमच्या दोघींचं असं ठरलंय, की ती पाव पाकीट घेईल त्या दिवशी मी लिफ्टपर्यंत जाईन. दोघींनी एकमेकींसमोर. कात्री सुनेने कपाटात कुलपात ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी

बाहेरच्या बोळात मी वॉकर धरून मधोमध उभी होते. पुढे जायचं धाडस नाही, मागे वळायची जागा नाही. समोरची कार्टी दारातून बघतेय. एवढ्यात जिन्यावरून खारू, घामाघूम, पोट धरून.

"रस्ता सोड आज्जी! आज अर्धं घेतलं!"

मी अशी बाजूला झाले की व्यायामवालीने बघायला हवं होतं. खारू आत, न्हाणीघराचं दार धाडकन्. समोरची कार्टी म्हणाली, "ताईला घाई लागली?" म्हटलं, हो बाई, तुला नाही लागत? तिने मनापासून विचार केला आणि म्हणाली, "लागते."

लिफ्टपर्यंत पोचले. तिथे आरसा आहे. आतल्या म्हातारीला वेणीफणी करायला सांगितली.

१ मार्च

एक आख्खं पाकीट पोटात राहिलं. मग तासाभराने दुसरंही राहिलं. खारू घरी आली ती गालांवर रंग घेऊन, आणि आल्या आल्या जेवायला मागितलं. सून पाठमोरी होऊन भांडी आवरत होती. बराच वेळ आवरली. भांडी चारच होती.

माझा गुडघा रात्री ठणकतो. व्यायामवालीला म्हटलं, चालत नव्हते तेव्हा दुखत नव्हता. म्हणाली, "आजी, दगडही दुखत नाही."

१४ मार्च

उद्या शर्यत. घरात कोणी बूड टेकत नाही. खारू बुटाच्या नाड्या बांधते, सोडते, परत बांधते. कंबरेच्या पट्ट्यात जेल लावून बघते, काढते. सून पेनचं बटण दाबतेय, टिकटिक, टिकटिक, तेही लिही गं. मी खोलीत येरझाऱ्या घालतेय आणि तिथूनच सांगतेय. बसा म्हणणारं कोणीच उरलेलं नाही.

ठरलंय असं. बाकीची पाकिटं ती बरोबर नेईल. तिसाव्या किलोमीटरपाशी औषधांच्या दुकानाजवळ वळण आहे. तिथलं पाकीट मी द्यायचं. तिची अट आहे: "उभी राहून. बसून दिलंस तर घेणार नाही."

"आणि पोट बिघडलं तर?" तिने दिवा बंद करताना विचारलं. मला नाही, अंधाराला विचारलं. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मला माहीत नव्हतं.

१५ मार्च

सगळं आजच लिहून घे. हात दुखला तर दुखू दे.

औषधांच्या दुकानवाल्याने स्टूल दिलं. नको म्हटलं. सून शेजारी, माझ्या हातात जेल, घामाने पाकीट निसटायला लागलं. पळणारे येत होते. कोणी हसत, कोणी देवाला भेटायला निघाल्यासारखे. खारू दिसली तेव्हा मी आधी ओळखलीच नाही. चेहरा राखेसारखा. पाय उचलत नव्हती, ओढत होती. डोळे कुठेच नव्हते.

मी हात पुढे केला.

तिने पाकिटाकडे पाहिलं. मान हलवली. आणि पुढे गेली.

गेली हो! सून ओरडली, "खारू!" मला पाठ दिसत होती, तीच पाठ, जी त्या दिवशी जॅकेट बांधून न्हाणीघरात शिरली होती. आणि मी काय केलं ते मलाही नंतर कळलं. वॉकर उचलला, रस्त्यात टाकला आणि तिच्यामागे निघाले. ठक. ठक. ठक. पाकीट दातांत धरलेलं, त्यामुळे ओरडताही येईना. मागून येणारे पळणारे मला वळसा घालून जात होते. एक जण म्हणाला, "शाब्बास आजी, अजून बाराच किलोमीटर!"

खारू थांबली. मागे वळली. मला पाहिलं आणि उलट पावली पळत आली.

"अगं पडशील!"

मी पाकीट तोंडातून काढून तिच्या हातात कोंबलं. "गिळ."

तिने दातांनी टरकन् फाडलं, डोळे मिटले आणि घेतलं. सुनेने पाण्याचा पेला धरला. एक घोट, दुसरा घोट. आम्ही तिघी रस्त्याच्या मधोमध, तिच्या पोटाकडे बघत, जसं दूध उतू जातंय का बघतात. काही झालं नाही. तिने रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं आणि गेली.

ते मी दाबून पाहिलं. पिळून पाहिलं. आत थेंब नव्हता. तोंड वेडंवाकडं फाटलेलं.

नंतर स्टूलवर बसले ते मला चौघांनी उठवलं. उठवू दे.

खारूने शर्यत पुरी केली. कितवी आली विचाराल तर मधल्यांत कुठेतरी, शेवटच्यांच्या जरा जवळ. शिट्टींनी नाव काढलेलं नाही. घरी येताना टॅक्सीत सांगत होती, "पस्तिसाव्याला पोटात मुरडा आलाच, आज्जी. संडास दिसला, आत गेले, बाहेर आले आणि पुन्हा पळायला लागले. बस्स." टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला तशी ती त्यालाही म्हणाली, "काका, होतं असं."

मग मला विचारलं, "तुला माहितेय मी मागे का वळले? तुम्ही हाक मारलीत ते ऐकूच आलं नाही. वॉकरचा आवाज आला. जवळ येत होता."

सून म्हणते, ते मुरड्याचं आणि संडासाचं वहीत नको, पुढेमागे कोणी वाचेल. म्हटलं, लिही. खारूनेच सांगितलंय, मोठ्या अक्षरात लिही म्हणून.

२१ मार्च

खालचे गृहस्थ पुन्हा आले. इस्त्रीचा सदरा, कपाळाला आठ्या. या वेळी दार मीच उघडलं.

म्हणाले, "आजी, पूर्वी आवाज एकाच जागी यायचा. त्याची सवय झाली होती. आता पहाटेच झोपायच्या खोलीतून सुरू होतो, स्वयंपाकघरात जातो, गॅलरीत जातो, परत येतो. माझ्या सगळ्या घरावरून फिरतो. मी झोपायचं कुठे?"

मी त्यांना आत बोलावलं आणि चहा पाजला. सुनेला म्हटलं, यांचं बोलणं शब्द न् शब्द लिहून ठेव, एकही गाळू नकोस. खारूला शर्यतीत गळ्यात घालायचं पदक मिळालं, मला हे.

जाताना ते गॅलरीत डोकावले आणि म्हणाले, कोरफड छान वाढली आहे तुमची, काय घालता?

खारू आतून म्हणाली, "आता काही नाही घालत काका."

मुंग्या एक-दोनच उरल्या आहेत. कुंडीच्या कडेवर फेऱ्या मारतात, मातीला तोंड लावून बघतात, परत जातात. आज खारू पहाटे बाहेर पडताना बूट घालून त्यांच्याकडे बघत जरा वेळ उभी होती. मग खिशावर हात मारून पाकिटं आहेत का ते पाहिलं, आणि जिना उतरली.